निवाऱ्यातली नोकरी सोडताना त्याच निवाऱ्यासाठी धावायचं असेल तर: पहिल्या अर्जापासून शेवटच्या पावतीपर्यंत

मागच्या डिसेंबरात मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका बेघर निवाऱ्यातली नोकरी सोडली. सहा वर्षं होते, आधी काळजीवाहक म्हणून रात्रपाळी केली, नंतर व्यवस्थापक झाले. लातूरला वडलांकडं जाणं भाग होतं म्हणून सोडली, कामावरून मन उडालं म्हणून नाही. आणि जायच्या आधी निवाऱ्यासाठी हाफ मॅरेथॉन पळाले, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साधारण शंभर मीटर, आणि त्या पळण्याच्या नावानं पैसे उभे केले. तेव्हापासून नांदेड, परभणीकडच्या ओळखीच्या कार्यकर्त्यांचे फोन यायलेत की ताई आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू. फोनवर सांगताना दर वेळी निम्मं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. लोक पैसे देतात ते तुम्हाला ओळखतात म्हणून, आणि तुम्ही जाताय म्हणून दोन पैसे जास्तच देतात. पण महिन्याभरानं तुम्ही तिथं नसणार आणि निवारा मात्र रोज रात्री उघडणार. त्यामुळं देणाऱ्याचा धागा तुमच्याकडून सोडवून निवाऱ्याला बांधायचा, हेच खरं काम आहे, पळणं हे त्यासाठीचं निमित्त. खाली जे जे सांगितलंय ते याच हिशोबानं वाचा.

आधी राजीनामा, मग परवानगी, मग बूट

पुष्कळ जण उलटं करतात. बूट घेतात, पोस्ट टाकतात, आणि मग विश्वस्तांना सांगतात. असं करू नका. तुम्ही अजून तिथले पगारी माणूस आहात, संस्थेच्या नावानं पैसे मागणार आहात, म्हणजे संस्थेची लेखी परवानगी पाहिजेच. राजीनाम्याचं पत्र वेगळं द्या आणि या उपक्रमाचा अर्ज वेगळा द्या, दोन्ही एका कागदावर घालू नका.

अर्ज एक पानाचा पुरतो, पण त्यात पाच गोष्टी स्पष्ट लिहा. पैसे कुणाच्या खात्यात येणार (फक्त संस्थेच्या), कशासाठी वापरणार, टार्गेटपेक्षा कमी आले तर काय आणि जास्त आले तर काय, पावत्या कोण फाडणार, आणि तुम्ही गेल्यावर देणगीदारांशी कोण बोलणार. ही पाचवी गोष्ट लोक विसरतात. त्या माणसाचं नाव अर्जातच लिहा आणि त्याची सही घ्या. आमच्याकडं नवा व्यवस्थापक ठरायचा होता, मी म्हणलं तोवर अर्ज देतच नाही, मग तीन आठवडे लागले पण नाव ठरलं. विश्वस्तांच्या बैठकीच्या वहीत ठराव झाला की त्याची एक कॉपी स्वतःकडं ठेवा.

तुमचा पगार, रजेचे पैसे, काही थकलेलं येणं असेल तर ते यात अजिबात आणू नका. मला एका जुन्या ठिकाणी दोन महिन्यांचा पगार उशिरा मिळाला होता आणि त्याच महिन्यात तिथं देणगीची मोहीम चालू होती, लोक मला विचारायचे की पैसा नेमका कुठं चाललाय, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून आपला हिशोब आधी संस्थेशी मिटवायचा किंवा निदान कागदावर घ्यायचा, आणि मग लोकांपुढं जायचं.

आणि सगळ्यात आधी, पोस्टर छापायच्याही आधी, निवाऱ्यातल्या माणसांना सांगा. आपण जाणार आहोत हे त्यांना व्हॉट्सअॅपवरून किंवा भिंतीवरच्या कागदावरून कळता कामा नये. तिथल्या कितीतरी जणांना कुणीतरी सोडून गेलेलंच आहे. आमच्याकडच्या एका मावशीला तिच्या माणसांनी घाटी दवाखान्याच्या बाकड्यावर बसवलं होतं, चहा घेऊन येतो म्हणून गेले ते गेलेच. तिला मी रात्री जेवण झाल्यावर सांगितलं. ती भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधत होती, तिनं गाठ मारली, परत सोडली, परत मारली, आणि म्हणाली, "तू बी चालली का माय." मी म्हणलं हो मावशी, पण कधी चाललेय ते सांगून चाललेय, डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो दिवस मला दाखवायला लावला. एकेकाशी असं बोलायला मला चार संध्याकाळी लागल्या. तेवढ्या काढा.

पैसे कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे

"बेघरांना मदत करा" म्हणलं की माणूस पन्नास रुपये देतो आणि विसरतो. त्याला वस्तू दिसली पाहिजे.

थोडं मागचं माहीत असू द्या, कारण लोक हमखास विचारतात की हे तर सरकारचं काम आहे ना. हो, आहे. सुप्रीम कोर्टानं २०१० साली अन्नाच्या हक्काच्या खटल्यात मोठ्या शहरांना आदेश दिले की लाख लोकसंख्येमागं एक निवारा पाहिजे आणि तो बाराही महिने, चोवीस तास चालला पाहिजे. पुढं २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्याच्या निकषात दर १ लाख लोकसंख्येमागं किमान १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा असं धरलेलं होतं. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले आणि त्यातले २ लाख १० हजारांच्या वर महाराष्ट्रात. म्हणजे सरकारची जबाबदारी आहेच, ती कुणी नाकारू नये, पण रोजच्या जगण्यात अशा बारीक फटी राहतात ज्यासाठी कुठल्या हेडखाली पैसा टाकायचा हेच कळत नाही. तुमचं टार्गेट त्या फटीत शोधा.

आमची फट होती गरम पाणी. ऐकायला किरकोळ वाटेल म्हणून जरा सांगते. डिसेंबर-जानेवारीत इकडं पहाटेचा गारठा चांगलाच असतो, म्हातारी माणसं गार पाण्यानं अंघोळ करायला तयार होत नाहीत, आठ-आठ दिवस तसंच राहतात, आणि त्यातच कुणाला तरी खरूज येते. खरूज एकाला झाली की चादरी-ब्लँकेटांतून, शेजारी झोपण्यातून सगळ्यांना होते. नुसतं मलम लावून भागत नाही, सगळ्यांना एकाच वेळी औषध लावावं लागतं आणि अंथरूण-पांघरूण, कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात, ५० अंशांच्या वर पाणी गेलं की खरजेचे किडे मरतात. बादलीभर पाणी कॉइलवर तापवून चाळीस माणसांच्या चादरी कशा धुणार? एका हिवाळ्यात आम्ही तीनदा औषध लावलं आणि तीनदा खरूज परत आली. म्हणून आम्ही ठरवलं सोलर वॉटर हीटर. सोबत दुसरी एक छोटी गोष्ट ठेवली, घरी सोडायचा खर्च. कुणाच्या घरचा पत्ता लागला, घरचे घ्यायला तयार झाले, तर त्या माणसाला एसटीनं सोबत जाऊन सोडावं लागतं, दोन तिकिटं जायची, एक यायचं, वाटेतलं जेवण. गाव कधी हिंगोलीत निघतं, कधी पार तेलंगणात.

तुमची गोष्ट वेगळी असेल. गाद्या असतील, लॉकर असतील, बेवारस गेलेल्या माणसाचा अंत्यविधी नीट व्हावा म्हणून निधी असेल. फक्त तीन दुकानांतून लेखी कोटेशन आणा, बसवायचा खर्च आणि प्लंबर धरून, आणि तोच आकडा टार्गेट ठेवा. गोल आकडा मनानं ठरवू नका, लोक कोटेशन मागतात आणि दाखवलं की विश्वास बसतो.

तारीख आणि रस्ता

मोठ्या स्पर्धेत नाव नोंदवून त्यात पळता येतं, पण मी स्वतःची तारीख आणि स्वतःचा रस्ता घेतला. तारीख घेतली २० डिसेंबरच्या जवळचा रविवार. २० डिसेंबर म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी, १९५६ ची. बाबांच्या दशसूत्रीत "बेघरांना आसरा" हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना टेकायला जागा मिळावी म्हणून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, ते घाटीच्या बाहेर सतरंजीवर झोपलेले नातेवाईक बघितले की आजही पटतं. शिवाय हवा थंड, आणि तयारीला पावसाळा संपल्यानंतरचे महिने मिळतात. एप्रिल-मेमध्ये पळायचा विचार मराठवाड्यात करूच नका, ४० च्या वर पारा असताना उष्माघाताशी खेळ नको.

रस्ता असा घेतला की सुरुवात निवाऱ्यातून आणि शेवटही निवाऱ्यात. स्टेशनच्या बाजूनं निघून बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, आणि शरणापूरकडं जिथं निम्मं अंतर भरेल तिथून मागं. पुढं दौलताबादपर्यंत जायचा मोह मलाही झाला होता, फोटो चांगला आला असता, पण मग शेवट किल्ल्यापाशी झाला असता आणि निवाऱ्यातली माणसं तिथं नसती. ज्यांच्यासाठी पळतोय ते दारात उभे पाहिजेत, असं मला वाटतं.

अंतर आधी दुचाकीच्या मीटरवर मोजा, मग फोनवर, आणि दोन्ही जुळत नसतील तर जास्तीचं धरा. चार-पाच मित्र सोबत पळणार असतील तर फार काही लागत नाही, पण मंडप, स्पीकर, शंभर माणसं, रस्ता अडणार असं असेल तर पोलीस आणि मनपा दोन्हीकडं वेळेत अर्ज करा.

पळायची तयारी, रात्रपाळी सांभाळून

मी आधी कधी पळालेली नव्हते. रोज चालायचे तेवढंच. शून्यातून हाफ मॅरेथॉनला १६ आठवडे घ्या, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी सुरुवात. आधी डॉक्टरांना दाखवा, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, वय चाळीसच्या वर असेल किंवा घरात हृदयाचा त्रास असेल तर ईसीजीसुद्धा. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं, दोन महिने गोळ्या घेतल्या, आणि तेव्हा कळलं की पहिल्या आठवड्यात जो दम लागायचा तो सगळा काही सवय नसल्यामुळं नव्हता.

आठवड्यातून चार दिवस पुरे. तीन दिवस छोटं आणि एक दिवस लांब. माझी लांब पळायची चढण अशी होती, आठवड्यामागून आठवडा, किलोमीटरमध्ये: ५, ६, ७, ५, ८, १०, ११, ८, १२, १४, १५, ११, १६, १८, १२ आणि मग तो दिवस. मधेमधे आकडा खाली येतो तो मुद्दाम, पाय त्या आठवड्यात भरून निघतात, तो आठवडा गाळू नका. सुरुवातीला दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला, असंच करत करत पाच किलोमीटर पुरे करा. वेग किती? सोबतच्याशी बोलता येईल इतकाच. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. १८ जमले की २१ जमतात, घरच्या तयारीत पूर्ण २१ पळून बघायची गरज नाही, आणि शेवटचे दोन आठवडे कमी करत यायचं.

रात्रपाळीवाल्यांसाठी एक गोष्ट कळकळीनं सांगते, रात्रपाळी संपवून सकाळी तसंच लांब पळायला जाऊ नका. मी एकदा गेले, विद्यापीठाच्या रस्त्यावर नवव्या किलोमीटरला डोळ्यापुढं अंधारी आली, एका दूधवाल्यानं बसवलं आणि घरी फोन लावून दिला. त्यानंतर लांब पळणं फक्त सुट्टीच्या दिवशी, तेही आदल्या रात्री नीट झोप झाली तरच.

पळायला जागा शोधा जिथं माती आहे आणि गाड्या कमी आहेत. आमच्याकडं विद्यापीठ परिसर आणि गोगाबाबा टेकडीची बाजू चांगली, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलातही पळता येतं. पावसात काळ्या मातीच्या कडेनं पळू नका, चिखल बुटाला किलोकिलोनं चिकटतो आणि घोटा मुरगळतो. बायकांनी अंधारात एकटीनं जाऊ नये असं मी सहसा कुणाला म्हणत नाही, पण मी स्वतः एक मैत्रीण स्कूटीवर घेऊन जायचे, फोनवर लोकेशन चालू ठेवायचे, आणि कुत्र्यांच्या टोळीजवळ पळणं थांबवून चालत जायचे. कुत्रं पळणाऱ्याच्या मागं लागतं, चालणाऱ्याकडं सहसा दुर्लक्ष करतं. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवा. नवा बूट शेवटच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

खाण्यात मला नवं काही लागलं नाही. आदल्या रात्री ज्वारीची भाकरी, वरण, थोडा भात. निघायच्या तासभर आधी केळ आणि गुळाचा खडा. शेंगदाण्याची चटणी मला आवडते पण पळायच्या आधी तिखट-तेलकट नको, पोटात मुरडा येतो. तासाच्या वर पळणार असाल तर पाण्यासोबत ओआरएस घ्या, एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या बाटलीत घट्ट करून पिऊ नका, त्यानं उलट त्रास होतो. आणि नुसतं पाणीच पाणी पीत राहणंही बरं नाही, तहान लागेल तसं घोट घोट.

छातीत दुखलं, हात भरून आला, चक्कर आली तर थांबा. दिलेले पैसे कुणी परत मागत नाही, दोन जणांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं.

मागायचं कसं

आधी ग्रुपवर टाकू नका. पहिले दहा जण असे निवडा जे नाही म्हणणार नाहीत, त्यांना फोन करा किंवा भेटा. कोरं पान बघून कुणी पहिला पैसा टाकत नाही, दहा नावं दिसली की बाकीचे येतात. आणि त्या दहांमध्ये एक नाव तुमचं स्वतःचं असू द्या, पाचशे का असेना, पण तुमची पावती पहिली.

मग एकेकाला वेगवेगळा मेसेज. मी पाठवलेला साधारण असा होता:

"काका नमस्कार. मी डिसेंबर अखेर निवाऱ्यातलं काम सोडून लातूरला चाललेय. जायच्या आधी निवाऱ्यात गरम पाण्याची सोय व्हावी म्हणून रविवारी २१ किलोमीटर पळणार आहे. आत्ता चाळीस माणसं गार पाण्यानं अंघोळ करतात आणि हिवाळ्यात खरूज पसरते. सोलरचं कोटेशन सोबत जोडलंय. तुम्हाला जमेल तेवढं संस्थेच्या खात्यात टाका, माझ्या खात्यात नको. पावती आठ दिवसांत येईल. मी गेल्यावर आमचे नवे व्यवस्थापक तुम्हाला हिशोब पाठवतील, त्यांचा नंबर खाली दिलाय."

बघा, त्यात नव्या व्यवस्थापकाचा नंबर पहिल्याच मेसेजात आहे. मी सुरुवातीला म्हणलं त्या धाग्याची पहिली गाठ ही.

वेळ बघून मागा. नोकरदारांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. दिवाळीच्या आधी कुणालाच नको, दिवाळीनंतर दहा दिवसांनी बरं. आणि आपल्याकडचा पैसा शेतावर चालतो हे विसरू नका, सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात जातं, कापसाचा पैसा त्याच्या मागोमाग, तेव्हा गावाकडच्या माणसाच्या हातात चार पैसे असतात. पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जशी अतिवृष्टी झाली, पिकं वाहून गेली, तसं वर्ष असेल तर शेतकऱ्याला पैशासाठी फोन करू नका, नुसती खुशाली विचारा. चांगल्या वर्षी तोच माणूस न मागता ज्वारीचं पोतं पाठवतो, आम्हाला दोन आले. धान्य आलं तर त्याचीही वस्तूरूपात नोंद करा आणि पावती द्या.

आठवणीचा मेसेज एकदाच, फार तर दोनदा. आणि ज्यानं दिलं त्याला त्याच दिवशी फोन, मेसेज नाही, फोन.

पैसा कुठून कुठं जातो

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथंच माणसं अडकतात. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी ब्लँकेटांसाठी मी माझ्याच फोनच्या यूपीआयवर पैसे घेतले होते. चांगल्या हेतूनंच. त्यात माझं किराणा, मैत्रिणीचे उसने, गॅसचे पैसे सगळं मिसळलं आणि कुणाचे किती हे लावायला मला तीन रात्री वही घेऊन बसावं लागलं, दोन जणांची नावं तरीही सापडली नाहीत. त्या दोघांना पावती देता आली नाही हे मला अजून खटकतं.

म्हणून क्यूआर फक्त संस्थेच्या खात्याचा. तो छापायच्या आधी स्वतः एक रुपया टाकून बघा, नाव संस्थेचंच येतंय ना. देणाऱ्याला सांगा की नोटमध्ये "सोलर" असा शब्द टाका आणि स्क्रीनशॉट पाठवा. एक साधी शीट करा, तारीख, नाव, रक्कम, व्यवहार क्रमांक, पॅन, पावती क्रमांक. दर रविवारी संस्थेच्या अकाउंटंटसोबत बसून बँकेच्या नोंदीशी जुळवा.

पॅन का? आयकरात ज्याला आपण ८०जी म्हणतो त्या सवलतीसाठी. संस्थेकडं ती मान्यता आहे का आणि तिची मुदत चालू आहे का हे आधी बघा, नसेल तर सवलतीचा शब्दही काढू नका. असेल तर लोकांना खरं खरं सांगा: जुन्या कररचनेत आहेत त्यांनाच ती मिळते, नव्या रचनेत मिळत नाही, साधारण देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट असते आणि तीही उत्पन्नाच्या एका मर्यादेत, आणि रोख २ हजारांच्या वर दिले तर त्या देणगीवर सवलत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर संस्था देणगीदारांची यादी आयकर खात्याकडं ऑनलाइन भरते, त्यातून सर्टिफिकेट निघतं, मे अखेरची मुदत असते. तुम्ही तर डिसेंबरात जाणार, म्हणजे पॅन आत्ताच घेऊन ठेवले नाहीत तर मेमध्ये नव्या माणसाला शंभर फोन करावे लागतील.

परदेशातल्या नातेवाइकांचं जपून. तिथं राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचा पैसा परदेशी देणगी धरला जातो आणि संस्थेकडं अशा देणग्या घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी नसेल तर तो घेताच येत नाही. माझ्या चुलत भावाला मला नाही म्हणावं लागलं. त्याला वाईट वाटलं, पण संस्था अडचणीत आणण्यापेक्षा ते बरं.

निवाऱ्यातल्या माणसांकडून मागायचं नाही, हा माझा नियम. पण एक बाबा होते, स्टेशनवर हमाली केलेले, ते एका संध्याकाळी ऑफिसात आले, धोतराच्या कनवटीची गाठ सोडली, चार घड्या घातलेली वीस रुपयांची नोट काढली, टेबलावर तळहातानं दाबून सपाट केली आणि म्हणाले, "लिहा माझं नाव." मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघून गप्प बसले. पावती फाडली, पूर्ण नाव विचारून लिहिलं. त्यांनी ती आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. अशी छोटी रक्कम कुणी स्वतःहून दिली तर घ्या आणि पावती द्याच. निराधार योजनेचे महिन्याचे सगळे पैसे कुणी द्यायला लागलं तर मात्र हात जोडून परत करा.

फोटो

पोस्टरवर तुमचा फोटो टाका, बुटांचा टाका, गार पाण्याच्या बादल्यांच्या रांगेचा टाका. तिथल्या माणसांचे चेहरे नको. कुणी हो म्हणलं तरी विचार करा, तुम्ही व्यवस्थापक आहात, जेवण-अंथरूण तुमच्या हातात आहे, तो नाही कसा म्हणेल? शिवाय घरातून मारहाणीमुळं निघालेल्या बाया असतात, त्यांचा पत्ता फोटोवरून कळला तर जिवावर बेततं. लोकांनी दिलेल्या पैशाच्या बदल्यात कुणाची कहाणी नावासकट सांगू नका. मी वर लिहिलेल्या दोन्ही गोष्टी सांगताना त्या दोघांना विचारलंय आणि नावं घातलेली नाहीत.

त्या दिवशी

सहाला निघालो, सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे शहरातला भाग दिव्यांत होतो आणि पडेगावच्या पुढं उजाडायला लागतं. चमकणारी पट्टी असलेलं जॅकेट घाला आणि रस्त्याच्या उजव्या कडेनं पळा म्हणजे गाड्या समोरून दिसतात. रविवारी वेरूळकडं जाणाऱ्या टुरिस्ट गाड्या आठपासून वाढतात, तोवर परतीला लागलेलं बरं. स्कूटीवर मैत्रीण, तिच्याकडं ओआरएस, केळी, पट्टी, आणि माझ्या रक्तगटाची चिठ्ठी.

पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू. सोळाव्यानंतर पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, मी चालले, परत पळाले, परत चालले. चाललं तरी चालतं, तुम्ही अंतराचा शब्द दिलाय, वेळेचा नाही. संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला.

दारात सगळे उभे होते. मावशीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला आत नेऊन गार पाण्याच्या बादलीपाशीच बसवलं, पाय धुवायला. ते पाणी पायाला लागलं तेव्हा चाळीस माणसं रोज काय सोसतात ते मला सहा वर्षांत पहिल्यांदा अंगावर कळलं, कारण मी रोज घरून गिझरची अंघोळ करून यायचे.

पळून झाल्यावरचे दहा दिवस

खरी घाई आता. तीन दिवसांत आकडा जाहीर करा, कमी असला तरी. आमचे कोटेशनपेक्षा थोडे कमी पडले होते, ते मी तसंच सांगितलं आणि ती तूट एका दुकानदारानं बसवायचा खर्च सोडून भरून काढली. आठ दिवसांत सगळ्या पावत्या. मग नव्या व्यवस्थापकाला सोबत घेऊन मोठ्या दहा देणगीदारांच्या घरी जा, जमलं तर प्रत्यक्ष, आणि बोलू त्याला द्या, तुम्ही बाजूला बसा.

देणगीदारांची शीट, कोटेशनं, ठरावाची कॉपी, क्यूआरचं स्टँड, सगळं यादी करून सही घेऊन सोपवा. शीटची कॉपी स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका, ते नंबर लोकांनी निवाऱ्याला दिलेत. उद्या दुसऱ्या संस्थेत लागलात तर त्या यादीवरून फोन करायचे नाहीत. निवाऱ्याचं सिम कार्ड परत करा, कपाटाच्या किल्ल्या द्या, रजिस्टरवर शेवटची सही करा. निवाऱ्यातल्या माणसांना स्वतःचा नंबर द्यायचा की नाही हे आधी ठरवा. मी दिला नाही. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी दुपारी, ऑफिसच्या फोनवर मी फोन करणार एवढं सांगितलं, आणि ते पाळलंय. जमणार नसेल तर असं काही बोलूच नका.

व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद नव्या माणसाला द्या पण लगेच बाहेर पडू नका, काम प्रत्यक्ष होईपर्यंत थांबा. आमचं सोलर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बसलं. नव्या व्यवस्थापकांनी बिलाचा फोटो, टाकीचा फोटो आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरींचा फोटो स्वतःच्या नंबरवरून टाकला, खाली हिशोब लिहिला, बसवायचा खर्च सुटल्यामुळं जे थोडे उरले ते एसटीच्या निधीत गेले तेही लिहिलं. लोकांनी त्यांचंच नाव घेऊन उत्तरं दिली. एका काकांनी त्यांना विचारलं, पुढच्या हिवाळ्याला काय लागणार आहे. ते वाचलं आणि मी ग्रुप सोडला.